जोडीचे सेल

"आकडा बघा ना बाई, आकडा! एवढा आकडा दुसऱ्या कुणाच्या मालावर दिसणार नाही तुम्हाला," सेल विकायला आलेला माणूस टेबलावर ओणवा होऊन म्हणाला.

"म्हणूनच तर भीती वाटतेय," दिवेबाई म्हणाल्या.

त्यांनी एका तळहातावर त्याचा सेल घेतला, दुसऱ्यावर आपल्या कपाटातला जुना, आणि डोळे मिटून दोन्ही हात जरा खालीवर केले. तराजूवर भरवसा नसलेल्या बायका भाजी घेताना करतात, तसं. नव्या सेलवर छापलेला विजेच्या साठ्याचा आकडा जुन्याच्या तिप्पट होता आणि वजनाला तो जुन्यापेक्षा हलका होता. पोतं मोठं आणि आत भुसा, असला प्रकार.

"हा दिवाणखान्यातल्या घड्याळाला घाला, उत्तम चालेल. आमचा टॉर्च एकदम घटाघटा पितो. ती ओढ याला सोसायची नाही, पाच मिनिटांत तापून बसेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याच पेटीतला दुसरा एक सेल उचलला. आकडा बेताचा, अंगाने जड, बुडाशी जादा ताण आला तर वीज तोडणारी चकती बसवलेली. "हे द्या. सगळे एकाच खेपेचे हवेत. दोन इथले नि चार तिथले असं चालणार नाही."

माणसाने बाजूला बसलेल्या कचेरीच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? दिव्यांच्या खोलीत बाई म्हणतील ते."

शहराचं पाणी डोंगरातल्या एका लांबलचक बोगद्यातून येई. वर्षातून एकदा तो रिकामा करत आणि माणसं या तोंडाने आत शिरून त्या तोंडाने बाहेर पडत. भिंतीला तडा कुठे गेला आहे, कुठे पाझरतंय, ते बघत जायचं. आत अंधार असा, की डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. म्हणून प्रत्येकाच्या हातात मोठा टॉर्च, आणि टॉर्चमध्ये एकामागे एक असे अंगठ्याएवढे जाड दोन सेल. ते सेल निवडायचे, विजेवर लावून भरायचे, जपायचे, हे दिवेबाईंचं काम. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं, तेव्हापासून त्या या खोलीत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

सेल निवडले, पण आले नाहीत. वाटेत पेट घेतील या भीतीने असला माल गाडीत चढवायला वाहतूकवाले कुरकुरतात. आज येतो, उद्या येतो, असं करत बोगद्याचं पाणी तोडायची वेळ आली.

साहेब स्वतः खोलीत आले. "बाई, तारीख माझ्या हातात नाही. शहराला दुसऱ्या वाटेने फार दिवस पाणी देता येत नाही. जुन्या सेलांवर निभेल?"

दिवेबाईंनी कपाटाकडे पाहिलं. जुने सेल थकलेले होते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन माणसं कमी पाठवा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या खोलीतून आजवर कुणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं आणि त्याचा त्यांना जरा तोराच होता.

"निभेल," त्या म्हणाल्या.

त्या खोलीत नियम एकच होता. दोन सेल एकदा एका टॉर्चमध्ये गेले की ते जोडीचे. एकत्र भरायचे, एकत्र उतरवायचे, दोघांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावायची. एक थकला की दुसरा कितीही धडधाकट असो, दोघांनाही रजा. कारण जोडी मोडून दोन वेगळ्या टॉर्चमधले सेल एकत्र घातले, तर एक आधी दमतो, दुसरा त्याला फरफटत नेतो, आणि मग ती बुडाची चकती वीज तोडते. टॉर्च मिणमिणत नाही, सूचना देत नाही. चालता चालता फट्‌कन विझतो.

हा नियम त्यांना पहिल्याच दिवशी भावजींनी शिकवला होता. भावजी म्हणजे नवऱ्याचा बोगद्यातला जोडीदार. सगळे त्यांना वाटाड्या म्हणत, कारण आत शिरताना सगळ्यांत पुढे कायम तेच. तेव्हा दिवेबाईंच्या कपाळावरचं कुंकू जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. भावजी दोन सेल हातात धरून समजावत होते, "वहिनी, एकदा जोडी जमली की मरेपर्यंत एकत्र. एक गेला की दुसऱ्याचाही काही उपयोग नाही." आणि एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. माणूस भला, पण तोंडाला लगाम नाही. दिवेबाईच शेवटी म्हणाल्या, "कळलं भावजी. पुढचं सांगा." त्या दिवसापासून त्यांचं छान जमलं.

नवऱ्याला बाहेर काढलं होतं तेही भावजींनीच. पूर्वी एकदा आत दिवे गेले होते. नवरा जागच्या जागी बसला आणि उठेनाच. भावजींनी त्याला स्वतःचा पट्टा धरायला लावला आणि भिंतीवरचे सांधे हाताने चाचपत बाहेर आणलं. जगला तो नंतर बरीच वर्षं, दुखण्याने गेला, पण दिवा मालवून कधी झोपला नाही. दिवेबाईंना उजेडात झोप येत नसे. डोळ्यांवर पदर घेऊन त्यांनी सगळा संसार केला.

आणि आता मुलगा. "काहीही कर बाबा, पण त्या बिळात शिरू नकोस," असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. गाढवापुढे वाचली गीता. पठ्ठ्या दुरुस्तीच्या टोळीत लागला, आणि यंदा पहिल्यांदाच बोगद्यात उतरणार होता, तोही भावजींच्या जोडीला. घरात शीळ घालत हिंडत होता. त्याची ती शीळ ऐकली की दिवेबाई दुसऱ्या खोलीत निघून जात.

त्यांनी खोलीचा पडदा ओढून घेतला आणि एकेक सेल तपासायला घेतला. पूर्ण भरायचा, टॉर्चच्या ओढीइतका ताण द्यायचा आणि किती टिकतो ते बघायचं. निळी जोडी चालेल. हिरवी चालेल. पांढरी ठीक. लाल जोडीतला एक सेल मात्र अजून नव्यासारखा होता, दुसरा अगदी दमलेला. पिवळ्या जोडीचंही तेच, एक पैलवान आणि एक पेन्शनीतला.

नियमाप्रमाणे दोन्ही जोड्या बाद.

दिवेबाई बराच वेळ ते चार सेल समोर घेऊन बसल्या. मग त्यांनी लालमधला चांगला उचलला, पिवळ्यामधला चांगला उचलला, आणि दोघांना एकत्र ताण देऊन बघितलं. इतका सारखा, इतका दमदार उजेड साऱ्या कपाटात कुणाचा नव्हता. दोघे जणू एकमेकांसाठीच घडवलेले. त्यांनी ते मुलाच्या टॉर्चमध्ये घातले.

उरले दोन दमलेले. ते कचऱ्यात टाकायचे, तर एक टॉर्च कमी पडत होता, आणि 'निभेल' तर म्हणून झालं होतं. दिवेबाईंनी तेही एकत्र लावून बघितले. जेमतेम टिकले. पण टिकले. मग हा टॉर्च कुणाला द्यायचा? त्यांच्या मनाने उत्तर इतक्या पटकन दिलं की जणू ते आधीपासून तयारच होतं. भावजींना. भावजींना वाट पाठ आहे. दिवे नव्हते तेव्हाही ते दुसऱ्याला घेऊन बाहेर आले होते. सगळ्यांत कमी उजेड लागणारा माणूस तोच. हिशेब चोख होता. त्यांनी झाकण घट्ट फिरवलं आणि हात पदराला पुसले.

सकाळी माणसं रांगेने आली. आपला बिल्ला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि टॉर्च घ्यायचा, बाहेर आलं की टॉर्च देऊन बिल्ला परत न्यायचा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे. मुलाने बिल्ला अडकवला, टॉर्च भिंतीवर मारला आणि डोळे मिचकावले. "बाप रे, काय उजेड आहे! आई, हा काकांना दे ना. पुढे तेच असतात."

"त्यांना वाट पाठ आहे," दिवेबाई म्हणाल्या.

"ऐकलंस? तुझी आई मला आंधळा झालो तरी कामावर ठेवेल," मागून भावजी हसले.

रांगेतला एक नवा गडी आपल्या टॉर्चचं झाकण फिरवून आत डोकावत होता. भावजींनी त्याच्या हातावर हलकी चापट मारली. "ए शहाण्या, इथला टॉर्च उघडून बघायचा नसतो. वहिनींनी भरलाय ना? मग झालं." आणि आपला टॉर्च त्यांनी बघितलासुद्धा नाही, नुसता खांद्याला लटकवला.

त्या वेळी बोलता आलं असतं. 'थांबा भावजी, तो जरा द्या,' एवढे पाच शब्द. दिवेबाईंनी पुढच्या माणसाचा टॉर्च काढून दिला.

दुपारी बोगद्याच्या तोंडावरून फोन आला. आत कुणीतरी पडलंय, गाडी बोलवा. कोण पडलं ते फोन करणाऱ्याला माहीत नव्हतं. दिवेबाई उठून भिंतीपाशी गेल्या. सगळे बिल्ले खिळ्यांवर होते. त्यांनी मुलाचा बिल्ला मुठीत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. दुसरा फोन आला, वाटाड्या पडलाय म्हणून. आणि दिवेबाईंना बरं वाटलं. खरं तेच सांगायचं तर अगदी गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. ते वाटणं क्षणभरच टिकलं, पण पुढे त्यांना त्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो चिखलाने माखलेला. बूट न काढताच बसला.

"मी जरा मागे होतो, तड्यावर खडूने खूण करत होतो," तो म्हणाला. "पुढे काकांचा उजेड दिसत होता. एकदम गेला. मी ओरडलो, तर म्हणाले, 'ये सावकाश, मला वाट पाठ आहे.' आणि धपकन आवाज आला. खड्डा आहे गं तिथे. गेल्या वर्षी आमच्या टोळीने खणला, मी लागायच्या आधी, पाझरलेलं पाणी साठायला. काकांना सांगितलं होतं. पण त्यांचे पाय जुन्याच वाटेने गेले."

"खिशात छोटा दिवा असतो ना सगळ्यांच्या?"

"वाट पाठ असलेला माणूस खिशात कशाला हात घालेल? आणि पडताना तो दिवा पाण्यात गेला." मुलाने तोंडावरून हात फिरवला. "मला धावता येईना आई. खाली सगळा निसरडा चिखल, एकेक पाऊल चाचपून टाकायचं. बराच वेळ लागला. तोवर ते पाण्यात, काळोखात. मी पोचलो तर माझा हात धरून ठेवला त्यांनी, सोडेचनात."

"आणि टॉर्च कसा गेला?" दिवेबाईंनी विचारलं. आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्यांना ऐकू आला.

"काका म्हणाले, चुकून त्यांचाच अंगठा बटणावर पडला. मग पडताना झाकण उडालं आणि सेल पाण्यात गेले. साहेबांनाही तेच सांगितलं त्यांनी."

मांडीचं हाड मोडलं होतं. पट्ट्या ठोकून जोडलं, पण बोगदा आता त्यांना कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावजी इस्पितळातून घरी येईपर्यंत दिवेबाई गेल्या नाहीत. रोज निघायच्या आणि कोपऱ्यावरून परत यायच्या. शेवटी एका सकाळी गेल्या.

भावजींच्या बायकोने दार उघडलं. आत लख्ख ऊन होतं, खिडकी सताड उघडी होती, आणि तरीही डोक्यावरचा दिवा जळत होता.

"दिवसाढवळ्या दिवा लागतो आता यांना," ती हळूच म्हणाली. "बंद केला की खेकसतात. कधी म्हणून आवाज चढवला नव्हता हो या माणसाने."

भावजी उशीला टेकून बसले होते. चेहरा बोटभर आत गेलेला. त्यांनी बायकोला चहा टाकायला पाठवलं, ती आत गेल्याची खात्री केली आणि उशीखालून दोन सेल काढून दिवेबाईंच्या हातावर ठेवले. एकाला लाल पट्टी, एकाला पिवळी.

"टॉर्च विझला की आपण काय करतो? झाकण काढतो, सेल पुसतो, परत घालतो. पाण्यात पडल्या पडल्या तेच केलं," भावजी म्हणाले. "एक चटका बसावा असा तापलेला, दुसरा जेमतेम कोमट. रंग दिसायची गरजच नव्हती, हातालाच कळलं. जोडीचे नव्हते."

दिवेबाईंनी मान वर केली नाही.

"बाकीचे दोन पोराच्या टॉर्चमध्ये?"

त्यांनी मान हलवली.

"हं." आत कपबशा वाजत होत्या.

"मला वाटलं, तुम्हाला वाट पाठ आहे," दिवेबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"मलाही तेच वाटलं, वहिनी."

"मी साहेबांना सांगते. पोरालाही सांगते."

"साहेबांचं तुम्ही बघा. पोराला नाही सांगायचं." भावजींचा आवाज एकदम करडा झाला. "तो पुन्हा आत जाणार आहे. तुमच्या हातून टॉर्च घेताना त्याच्या मनात किंतू आला, की तो झाकण उघडून बघायला लागेल. त्याचं बघून दुसरा. मग आत कुणी कुणाच्या मागून चालणार नाही. तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय, ते कळतं मला. पण त्याचं ओझं त्याच्या डोक्यावर नको."

चहा आला. तिघांनी तो प्यायला. निघताना भावजींनी त्यांना थांबवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे एखादा लहान टॉर्च असला तर उशाशी ठेवायला... मध्येच वीज जाते हो इथे. आणि मग मला..." पुढचं त्यांनी गिळलं. दिवेबाईंना ते ऐकायची गरजही नव्हती. पदर डोळ्यांवर घेऊन झोपलेल्या सगळ्या रात्री त्यांना आठवल्या.

कचेरीत पोचल्या पोचल्या त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. लाल, पिवळा, निभेल, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, वाटाड्याने स्वतः लिहून दिलंय, चूक त्याची म्हणून. त्यावरच चौकशी मिटली, पुढचं सगळं ठरून गेलं. आता तुम्ही असं म्हणालात तर तो खोटा पडेल. पडू द्यायचा का?" दिवेबाई दिव्यांच्या खोलीकडे वळल्या. शिक्षा मागायला गेलेल्या बाईला कुणी ओरडलंसुद्धा नाही.

नव्या सेलांची पेटी तोवर आली होती. जड, बेताच्या आकड्याचे, सगळे एकाच खेपेचे, त्यांनी निवडले होते तसेच. उशिरा आलेलं शहाणपण असंच पेटीत भरून येत असावं. त्यांनी मुलाच्या टॉर्चमधले दोन काढले, भावजींनी दिलेले दोन शेजारी ठेवले, लालशी लाल, पिवळ्याशी पिवळा. पण आता त्या जोड्या राहिल्या नव्हत्या. चारही सेल त्यांनी बादच्या डब्यात टाकले.

मग कपाटातून एकाच सेलवर चालणारा लहान टॉर्च काढला. नव्या पेटीतला प्रत्येक सेल त्यांनी भरून, ताण देऊन तपासला. एका म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवायच्या दिव्याला इतकं करायची काही गरज नव्हती. यातला कुठलाही उजेड पडण्यापुरता पुरला असता. पण त्यांनी पेटी संपेपर्यंत तपासले आणि सगळ्यांत जास्त टिकलेला निवडला.

भावजी एकटेच होते. पायाखाली उशी घेऊन दाराकडे तोंड करून बसले होते. टॉर्च बघून त्यांचा चेहरा जरा उजळला.

"आलात? या, बसा. झकास आहे हो. हातात मावतो."

"नवा सेल आहे. एकच आहे," दिवेबाई म्हणाल्या.

"वहिनींनी भरलाय म्हणजे..." भावजी सवयीने बोलून गेले आणि थांबले. टॉर्च त्यांनी हातात फिरवला. पुन्हा फिरवला. मग दिवेबाईंकडे न बघता त्यांनी मागचं झाकण उघडलं, सेल तळहातावर घेतला, अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपला, बूड बघितलं, आणि सावकाश परत आत सरकवून झाकण लावलं.

त्यांनी बटण दाबलं. छतावर पांढरा गोल उमटला.

"चांगला आहे," ते म्हणाले.

"हो," दिवेबाई म्हणाल्या आणि त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली.